सगळ्यांना सगळं पाठ

आभार मानायची मला सवय नाही. निपाणीच्या आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नसत. मानलेच तर समोरचा विचारायचा, मी काय परका आहे का? त्यात माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे बंगळूरच्या त्या शाळेबद्दल लिहायला बसले की आधी आठवतं ते मी कुणाकुणावर ओरडले ते. पण त्या शाळेने मला बरंच काही दिलं, आणि तिथे असताना ते बोलून दाखवायला फुरसत मिळाली नाही. आता मिळाली आहे.

नवऱ्याची नोकरी बंगळुरात, म्हणून मीही बदली मागून घेतली. घर मिळालं के. आर. पुरमला आणि शाळा महादेवपुऱ्याच्या बाजूला. सरकारी, कन्नड माध्यमाची, प्राथमिक. मी सीमाभागातली, त्यामुळे घरात मराठी आणि फळ्यावर कन्नड हे मला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे होती. शाळेच्या कुंपणापलीकडे एक उंच इमारत बांधली जात होती आणि तिच्या पायथ्याशी कामगारांच्या पत्र्याच्या शेड होत्या. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या शेडमधून यायची. यादगीर, रायचूरकडची बरीच, काही ओडिशाची, काही बिहारची. यादगीरची मुलं मला ‘अक्कोरे’ म्हणायची, तिकडे शाळेतल्या बाईंना तसंच म्हणतात. बाकीच्यांनी ते उचललं, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या वर्गाची मी अक्कोरे झाले.

आमच्या हेडबाई बंगळूरच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी घोड्यावर बसून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांचं वाक्य मराठीत चढायचं आणि कन्नडमध्ये उतरायचं. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. त्यांना माझी मराठी भांडल्यासारखी वाटायची, आणि पुष्कळदा मी खरंच भांडत असायचे. शाळा सुटल्यावर त्यांच्या खोलीत बसून आम्ही मराठीत गप्पा मारायचो आणि मी त्यांना अक्का म्हणायचे.

पहिल्या वर्षी स्कूल डेला, म्हणजे आमच्याकडे ज्याला गॅदरिंग म्हणतात त्याला, मी एका राजाचं नाटक बसवलं. राजा झालेल्या मुलाचा आवाज खणखणीत होता आणि मी स्वतःवर खूश होते. स्कूल डे तोंडावर आला आणि एका सोमवारी राजा शाळेत आलाच नाही. चौकशी केली तर कळलं, मागच्या रस्त्यावरचं बांधकाम पुरं झालं म्हणून रविवारी सगळं कुटुंब टेम्पोत सामान भरून होसूरला गेलं. माझं डोकंच फिरलं. राज्य सोडून राजा असा न सांगता जातो का? मी त्याच्या वडलांना फोन लावून चांगलं सुनावलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले की बिल्डिंग झाली मॅडम, आता तिथे राहायला दुसरे लोक येतील. मी फोन ठेवला.

वर्गात येऊन मी जाहीर केलं की नाटक रद्द. तेव्हा खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उभी राहिली. यादगीरची, तिसरीतली, अंगाने काडी आणि आवाजाने भोंगा. तिने राजाचं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं तिच्या मागच्या मुलाने म्हटलं, तिसरं ओडिशाच्या एका मुलीने. तालीम चालायची तेव्हा सगळा वर्ग तिथेच बसलेला असायचा, आणि बसल्या बसल्या सगळ्यांना सगळं पाठ झालं होतं. आधी का नाही सांगितलं म्हणून मी डोळे वटारले.

“तुम्ही विचारलंच नाही, अक्कोरे,” ती म्हणाली. “आमच्यातलं कोण कधी जाईल, ते आम्हालासुद्धा आदल्या दिवशीच कळतं.”

तिथून पुढे आमच्या वर्गाचा तो नियमच झाला. नाटकातलं प्रत्येक काम प्रत्येकाने शिकायचं, आणि त्या दिवशी सकाळी जे हजर असतील त्यांच्यात चिठ्ठ्या टाकून कामं वाटायची. हळूहळू हे नाटकापुरतं राहिलं नाही. प्रार्थना सांगणं, बातम्या वाचणं, खो-खोची कप्तानी, जेवणाच्या वेळी ताटं मांडणं, कवायतीचा ढोल, सगळं सगळ्यांना यायला लागलं. कुणी गेलं तरी त्याचं काम अडायचं नाही. एकदा मला यायला जरा उशीर झाला, तर माझंही काम कुणीतरी करत होतं. हातात खडू घेऊन, माझ्यासारखेच डोळे वटारून. मी रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटले.

पुढच्या वर्षी नाटक मीच लिहिलं. गावचा कोंबडा रुसतो. रोज सगळ्यांना उठवतो, पण त्याच्याशी कुणी दोन शब्द गोड बोलत नाही, म्हणून तो आरवायचं बंद करतो. मग गावात उजाडतच नाही. दूधवाला, बसचा कंडक्टर, मास्तर, आजीबाई, सगळे अंधारात चाचपडत त्याची मनधरणी करायला येतात. कोंबडा लोकांकडे तोंड करून, डोळे मिटून, बाकावर बसलेला. शेवटी त्याचा रुसवा निघतो, तो उठून आरवतो आणि नाटक संपतं.

आरवायचं कसं, यावर मात्र वर्गात जुंपली. बिहारचा कोंबडा वेगळं आरवत होता, ओडिशाचा वेगळं, आणि माझं कुकूचकू तर कुणाला मान्यच नव्हतं. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी बाकावर चढली. आता ती चौथीत होती. तोंडाभोवती हात धरून तिने अशी बांग दिली की शेजारचा वर्ग बाहेर आला आणि हेडबाई चष्मा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. वाद तिथेच मिटला. कुठे शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, आईकडून. गावाकडे घरी कोंबडे होते, शेडमध्ये नाहीत. म्हणून आई रोज पहाटे स्वतःच आरवून तिला उठवायची.

तिची आई शेजारच्या इमारतीत कामाला होती. फरशीवर सांडून घट्ट झालेलं सिमेंट खरवडून काढायचं तिचं काम. शाळेच्या भिंतीपलीकडे दिवसभर असायची, पण शाळेत ती एकदाही आली नव्हती, कारण मेस्त्री, म्हणजे तिथला मुकादम, सोडायचा नाही. मुलीला एकच गोष्ट हवी होती. या वर्षी आपण कोंबडा व्हायचं आणि आईने ते बघायचं. वर्गाने आपसात ठरवून मला सांगितलं की कोंबड्याची चिठ्ठी टाकायची नाही, ते काम तिचंच. नियम म्हणजे नियम असं म्हणणारी मी, पण मीही मान्य केलं. नियम सोडला नाही तो तिनेच. रोज जेवणाच्या सुटीत मैदानातल्या करंजाच्या पारावर एकेकाला उभं करून ती आरवायला शिकवायची. आधी मान, मग छाती, मग आवाज. मुलं माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकत.

इमारत आम्हाला वर्गाच्या खिडकीतून दिसायची. तिला रंग लागायला लागला, खालच्या मजल्यांवर काचा बसल्या. याचा अर्थ मुलांना माझ्याआधी कळत होता. तरी स्कूल डेपर्यंत निभेल असं वाटत होतं. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना वेळ नाही म्हणून स्कूल डे पुढे ढकलला गेला, आणि त्याच दिवशी ती मुलगी मला सांगायला आली की येत्या रविवारी त्यांची यादगीरची टोळी येलहंक्याला जाणार, तिकडे शेड तयार आहेत; बाकीचे मागून जाणार. सांगताना ती रडली वगैरे नाही. कोंबडा आता सगळ्यांना येतो, एवढंच म्हणाली.

मी तडक हेडबाईंच्या खोलीत गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. पाहुण्यांचे काय हारतुरे पळून चाललेत का, आमचा कोंबडा रविवारी चाललाय, असं बरंच काही बोलले. हेडबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“स्वल्प थांब ग,” त्या म्हणाल्या. “पाहुणे पुढे गेले म्हणून कोंबडा कशाला पुढे जायला हवा?”

त्यांनी शनिवारी रंगीत तालीम जाहीर केली. शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस, पण त्या दिवशी कामगारांच्या जेवणाच्या सुटीपर्यंत सगळ्या शाळेला थांबवून घेतलं. मग साडीचा पदर खोचून त्या स्वतः इमारतीच्या मेस्त्रीकडे गेल्या. त्यांनी त्याला अण्णा अण्णा करत काय सांगितलं कोण जाणे, पण सुटीत कामगारांना शाळेत येऊ द्यायचं त्याने कबूल केलं. शाळेचं मागचं फाटक उघडलं गेलं आणि पिवळी हेल्मेट घातलेली माणसं, बायका एकेक करून आत येऊन मुलांच्या मागे मातीत बसली. काहींनी जेवणाचे डबे तसेच मांडीवर घेतले होते.

पारावर बाक मांडला होता. त्यावर लाल कागदाचा तुरा लावून आमचा कोंबडा बसलेला. त्याच्या मागे करंजाचं झाड, झाडामागे भिंत आणि भिंतीमागे इमारत. कोंबड्याने डोळे मिटून बसायचं होतं, पण तो एक डोळा किलकिला करून हेल्मेटांमध्ये शोधत होता. तिची आई आली नव्हती. एका बाईला मी विचारलं, तर ती हळूच म्हणाली की वरचा मजला संध्याकाळपर्यंत साफ करून द्यायचाय, तिला खाली सोडलं नाही. नाटक तर सुरू झालं होतं. कंडक्टर आला, आजीबाई आली, लोक हसत होते, आणि मी बाजूला उभी राहून त्या मेस्त्रीला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

शेवट आला. कोंबडा बाकावर उभा राहिला. त्याने दोन्ही डोळे उघडून एकदा शेवटचं सगळ्या लोकांकडे पाहिलं. मग त्याने आमच्याकडे पाठ केली. इमारतीकडे तोंड करून, तोंडाभोवती हात धरून ती मुलगी आरवली. तालमीत तिने इतका आवाज कधीच लावला नव्हता.

आणि वरून उत्तर आलं. तीच बांग, तशीच, फक्त जरा घोगरी. सगळ्यांच्या माना वर गेल्या. काचा न बसलेल्या एका गॅलरीत पिवळं हेल्मेट दिसत होतं आणि एक हात हलत होता. मुलगी पुन्हा आरवली. वरून पुन्हा उत्तर आलं. मातीत बसलेले लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले, आणि टाळ्या थांबेचनात. मी रडत होते. हेडबाईही रडत होत्या, पण त्या चष्मा पुसतोय असं दाखवत होत्या.

रविवारी ते लोक गेले.

स्कूल डे पुढच्या ठरलेल्या तारखेला झाला. मांडव, माईक, खुर्च्या, हारतुरे, सगळं आलं. शेजारच्या इमारतीला वरपर्यंत काचा बसल्या होत्या आणि आत अजून कुणी राहायला आलं नव्हतं. सकाळी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा कोंबडा आला बिहारच्या एका मुलाकडे. हा हजेरीलासुद्धा पुटपुटणारा मुलगा. मी देवाचं नाव घेतलं.

शेवट आला. तो बाकावर उभा राहिला आणि त्याने प्रमुख पाहुण्यांकडे चक्क पाठ केली. मी बाजूने खुणा करायला लागले, अरे इकडे वळ, इकडे. हेडबाईंनी माझा हात धरला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “सरी आहे ते, बरोबरच आहे.”

तो इमारतीकडे तोंड करून आरवला. आधी मान, मग छाती, मग आवाज. आणि आरवून झाल्यावर तसाच उभा राहिला, वर बघत, थांबून. तेव्हा मांडवाच्या अगदी मागून, जिथे शनिवारी कामगार बसले होते तिथून, ओडिशाची मुलगी उठली. तिच्या वाट्याला त्या दिवशी कुठलीच चिठ्ठी आली नव्हती. तिने तोंडाभोवती हात धरले आणि त्याला उत्तर दिलं. तीच बांग, तशीच, फक्त जरा घोगरी.

मी लिहिलेल्या नाटकात आईचं काम नव्हतं. ते मी कुणालाच शिकवलं नव्हतं. पण आमच्या वर्गाचा नियम होता, आणि मुलांनी तेही पाठ केलं होतं.