भगवंतरावांच्या पापाचा शोध

१९५६ सालच्या जूनमध्ये भगवंतराव शांतवनांची चार वर्षांची कावेरी तापानं फणफणली. चौथ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा तिचा डावा पाय चिंधीच्या बाहुलीसारखा लोंबत होता. डॉक्टरांनी पोलिओ सांगितला.

भगवंतराव सरकारी खात्यात देवीची लस टोचायचं काम करीत. सायकलच्या मागं लशीची पेटी बांधून होसकोटे, बेळ्ळंदूर, सर्जापूरकडची खेडी त्यांनी बारा वर्षं पालथी घातली होती. घराणं बेंगळुरातलं जुनं मराठी. वडिलांच्या काळात ख्रिस्ती झालेलं. घरात मराठी, ख्रिस्ती देवळात कन्नड. कामावर निघताना सायकलीपाशी उभं राहून प्रार्थना केल्याशिवाय ते पायडलवर पाय ठेवत नसत. लोकांची हजारो पोरं त्यांच्या हातांनी वाचवली होती, आणि स्वतःच्या एकुलत्या पोरीसाठी त्या हातांत काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना बसवेना. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. "हे पित्या" म्हणून प्रार्थनेला सुरुवात करीत आणि पुढचा शब्द येण्याआधीच अंगणात फेऱ्या घालू लागत.

"बसा हो स्वल्प," बायको सुनंदाबाई म्हणे. ते ऐकत नसत.

एका संध्याकाळी चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ श्रीधरराव संत्री घेऊन भेटायला आले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून ते हळूच म्हणाले, "भगवंतराव, देव कारणाशिवाय मारत नाही. स्वतःला तपासून पाहा."

त्यांनी ते मायेनंच म्हटलं. पण ते वाक्य भगवंतरावांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

मग ते पाप शोधायला निघाले. धाकटा भाऊ मल्हारराव वडिलांच्या दफनाला उशिरा आला, म्हणून सहा वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मल्लेश्वरमला जाऊन त्यांनी त्याची माफी मागितली. भाऊ गळ्यात पडून रडला. घरी येऊन त्यांनी आधी पोरीचं पांघरूण बाजूला केलं. पाय होता तसाच. मग कचेरीतला कृष्णमूर्ती. त्याची एकदा साहेबाकडे चहाडी केली होती. त्याचीही माफी झाली. पाय तसाच. मग शाळेतला एक जुना सोबती, मग एक शेजारी. रविवारची उपासना संपली की सायकल काढायची आणि अंधार पडता पडता परतायचं. पोरीच्या पायाला दिवसातून तीनदा गरम कापडाचा शेक आणि मालीश लागे. ते सगळं सुनंदाबाई एकटीच करी.

डिसेंबरात ते बेळ्ळंदूरला सकवारबाईच्या दारात पोचले. ती तिथल्या मराठा वस्तीतली. चार वर्षांपूर्वी तिनं टोचण्याच्या भीतीनं आपला मुलगा कणगीमागं लपवला होता. भगवंतरावांनी त्याला ओढून काढून टोचलं. त्या झटापटीत तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं होतं.

अंगणात अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेल्या सकवारबाईनं मान वर केली. "टोचणारे अण्णा? आज रविवारी?"

उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. पोरीचा पाय, श्रीधररावांचं बोलणं, फुटलेल्या बांगड्या. तिचे हात थांबले.

"म्हणजे माझ्या बांगड्यांपायी तुमच्या देवानं पोरीचा पाय नेला?"

"तसंच असेल, असं वाटलं."

"पुढच्याच वर्षी ह्या गल्लीतली तीन पोरं देवीनं गेली, अण्णा. माझा तुमच्यामुळं राहिला. त्या तिघांतलं एक माझ्या नणंदेचं. तिनं काय पाप केलं होतं? त्या समोरच्या घरात असते. जा, सांगा तिला."

भगवंतरावांनी समोर पाहिलं. उंबऱ्यात एक बाई तांदूळ निवडत होती. तिच्यापुढं जाऊन श्रीधररावांचं ते वाक्य उच्चारायचं, ह्या नुसत्या कल्पनेनं ते एक पाऊल मागं सरले.

"जाऊ दे," सकवारबाई म्हणाली. "पोर काय म्हणते?"

सहा महिन्यांत पोरगी काय म्हणाली, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

परतताना तळ्याच्या बांधावर ते सायकलवरून उतरले आणि मोठ्यानं ओरडले, "मग का? सांग ना, का?" पाणकोंबड्या फडफडून उडाल्या. उत्तर आलं नाही. पण ज्याच्यावर आपण ओरडतोय तो स्वतःच खिळे ठोकलेल्या पायांनी क्रूसावर टांगला गेला होता, हे त्यांना पहिल्यांदाच अंगावर आल्यासारखं आठवलं. त्याचा काही गुन्हा नव्हता. देवानं ह्याला टाकलंय, असं त्या दिवशीही खाली उभ्या असलेल्या लोकांनीच ठरवलं होतं.

घरी सुनंदाबाई गरम कापड पिळत होती. "दे इकडं," ते म्हणाले. कावेरीनं पाय आखडायला पाहिलं, तो आखडेना. "अप्पा नको. अम्माच पाहिजे," ती रडत म्हणाली. ते तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. आठवड्यानंतर तिनं पाय त्यांच्या हाती दिला आणि विचारलं, "अप्पा, मी काय केलं म्हणून देवानं पाय घेतला?"

"तू काही नाही केलंस. मीही नाही. का झालं ते मला ठाऊक नाही."

"देवाला ठाऊक आहे?"

"असेल. मी रोज विचारतो."

"मग तो काय म्हणतो?"

"अजून काही नाही. पण तो इथून गेलेला नाही, एवढं कळतं."

तिनं जरा विचार केला. "सरी, बरं. मग आज हळू दाबा."

नाताळानंतर त्यांनी श्रीधररावांना देवळाबाहेर गाठलं. "मोठे आहात, म्हणून विनंती करतो. मला सांगितलंत ते दुसऱ्या कुठल्या घरी सांगू नका. त्यापायी माझे सहा महिने गेले. तेवढ्यात पोरगी मला परकी झाली."

"देवाला जाब विचारणं हा अविश्वास आहे," श्रीधरराव तडकून म्हणाले.

"विश्वास नसता तर विचारलं कुणाला असतं?"

त्यानंतर वर्षभर श्रीधरराव त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

पाय कधीच बरा झाला नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, लोखंडी पट्ट्यांचा बूट आला, तो दर दोन वर्षांनी आखूड पडला. भगवंतरावांची तगमगही गेली नाही. प्रवचनात कुणी दुःखाचं कारण फार सोपं करून सांगू लागलं, की ते उठून बाहेर अंगणात येरझाऱ्या घालत.

१९६७ साली कावेरीचं दृढीकरण होतं, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी. त्या रविवारीही ते बाहेरच होते. आतून दगडी फरशीवर बुटाचा खटखट आवाज पुढं पुढं जाऊ लागला, तसे ते लगबगीनं दाराशी आले. बाकीच्या मुली गुडघे टेकून होत्या. पाय वाकवण्यासाठी कावेरीनं बुटाच्या पट्ट्यांची गुडघ्याजवळची कडी सोडू पाहिली, ती अडकली. मग कुणाकडंही न बघता डावा पाय लांब पसरून ती सरळ फरशीवर बसली आणि तिनं मान खाली घातली. चौकट घट्ट धरून भगवंतराव पाहत राहिले. ओठांवर तोच 'का' होता, आणि त्यामागोमाग, त्यांच्याही नकळत, आभाराचे शब्द येत होते.