राहिलेलं माप

साहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण रस्त्यात बस उभी दिसली की ते अजूनही वाकून तिच्या पोटाखाली डोकावतात. बायको म्हणते, "अहो, लोक बघतायत. काय हरवलं म्हणून विचारतील!" साहेब कमरेवर हात ठेवून उठतात आणि हसण्यावारी नेतात.

वाहनतपासणीतली फसवाफसवी पकडणाऱ्या पोलिस पथकाचे ते प्रमुख होते. खोटे दाखले, झिजलेली चाकं, हेच त्यांचं जग. नवा माणूस आला की त्याला ते कागदाला हात लावू देत नसत. आधी चटईवर आडवं होऊन गाडीखाली जायचं, कपड्यांना वंगण लागलं की मग फाइल. काय दिवस होते ते!

ही शिस्त त्यांना डेपोतल्या मिस्त्रीनं लावली होती. साहेब तेव्हा साधे शिपाई, गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्रीनं कान धरून शिकवलं. एका बसच्या तपासणीला पंचवीस मिनिटं लागणारच, आणि सुरू केल्याची वेळ दाखल्यावर लिहायचीच.

पुढे कितीतरी वर्षांनी एक बस उतारावर थांबलीच नाही. भिंतीवर आदळली, चालकाचा पाय कायमचा गेला. आठच दिवसांपूर्वीच्या दाखल्यावर सही मिस्त्रीची. पथकातल्या उपनिरीक्षक बाईंनी मिस्त्रीनं त्या तपासणीच्या दिवशी दिलेले सगळे सतरा दाखले टेबलावर मांडले. वेळा तीन-तीन मिनिटांच्या अंतरानं लिहिलेल्या. म्हणजे मिस्त्री एकाही बसखाली गेला नव्हता.

"साहेब, हे दुसऱ्या कुणाकडे द्या ना," बाई म्हणाल्या. "तुमचं माणूस आहे."

साहेबांनी टेबलावरचे दाखले उचलले. ते स्वतःच डेपोत गेले.

"दोन वर्षं झाली, पाठ धरलीय," मिस्त्री म्हणाला. "खाली गेलो की उठवत नाही. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं मला."

"अहो, मग वेळ तरी खोटी टाकायची!" साहेबांच्या तोंडून निसटलं. उभ्या नोकरीत कुणाला खोटं लिहायचा सल्ला त्यांनी तेवढा एकदाच दिला.

"हात वळला नाही रे."

साहेबांनी त्या बसचा पंचनामा लिहिला. मिस्त्रीनं चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक लायनरचं माप राहिलं."

ते राहिलं नव्हतं, साहेबांनी गाळलं होतं. लायनर, म्हणजे ब्रेकची घासून झिजणारी पट्टी, पार संपलं होतं, आणि तसं ते आठ दिवसांत संपत नाही. माप नसतं तर ब्रेक अचानक गेला असं मिस्त्रीच्या वकिलाला म्हणता आलं असतं.

"हेच शिकवलं होतं का मी तुला?" मिस्त्रीनं विचारलं.

साहेबांनी मान खाली घालून आकडा लिहिला. त्याच आकड्यावर मिस्त्रीला शिक्षा झाली. निकालानंतर शिपाई त्याला बाहेर नेत होते, तेव्हा तो साहेबांपाशी क्षणभर थांबला.

"पंचनामा चांगला झाला हं," तो म्हणाला, आणि साहेब भर कोर्टात सगळ्या पथकासमोर ढसाढसा रडले.