आतोबा आणि तळातली पट्टी

देवानं समोर उभं राहून ‘माग, काय हवं ते’ म्हटलं असतं, तरी माझ्या आतोबांनी आधी त्याच्या मुकुटाला नख लावून पाहिलं असतं. तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत इतका संशयी माणूस झाला नाही, आणि होऊही नये. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उमेदीची वर्षं त्यांनी अकोल्याच्या कापूस बाजारात दलालीत घालवली. तिथली रीत अशी, की गाडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघायचाच नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा आणि तळातली मूठ बाहेर काढायची. ओला, किडका माल कायम तळाशी. पुढे बाजार सुटला, पण हाताची खोड काही सुटली नाही. पंगतीत लाडवांचं ताट आलं की आतोबा तळातला लाडू ओढायचे आणि वरची रास शेजाऱ्याच्या वरणात कोसळायची. “वरचं समदं दाखवाले असते, बापा,” ते त्या शेजाऱ्यालाच समजावायचे. स्टेशनावरचं घड्याळ पाहून ते पुन्हा स्टेशनमास्तरला वेळ विचारत, आणि दोन्ही वेळा जुळल्या की माझ्या कानाशी लागून म्हणत, “दोघं आतून मिळेल हायत.”

अशा माणसानं जुनी मोटर विकत घ्यावी, याला काय म्हणावं! लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी जोडलेली, आणि ती पाशिंजर घेऊन धापा टाकत तेल्हारा-अकोला करायची. चालण्याबद्दल तक्रार नव्हती, भानगड होती थांबण्याची. विलायती माल यायचा बंद झाला होता आणि बाजारात बनावट ब्रेकच्या पट्ट्यांचा सुळसुळाट. डबा असा की देव्हाऱ्यात ठेवावा. आत मात्र गोणपाट दाबून त्याला डांबर फासलेलं! एक जोड पाणी लागलं की साबणासारखा घसरायचा, दुसऱ्याच्या खिळ्या आठवड्यात गळून पडल्या. शेवटी आतोबांनी नियमच केला. पूर्णा नदीच्या उतारावर सगळ्या पाशिंजरांनी खाली पायी जायचं. डायवर रिकामी मोटर उतरवायचा आणि बाजूनं आतोबा बाभळीचा ठोकळा छातीशी कवटाळून धावायचे, वेळ आलीच तर चाकाखाली सारायला. धोतराचा सोगा तोंडात धरून धावणारे आतोबा बघायला गुराखी गुरं सोडून यायचे.

या नियमापायी आत्याची पंचाईत झाली. तिचे गुडघे गेलेले. तो उतार पायी उतरणं तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि बैलगाडीचे हिसके सोसत नव्हते. माहेर अकोल्याचं. साऱ्या मुलखानं तिच्या नवऱ्याच्या मोटरीतून अकोला पाहिलं, ती तेवढी घरात. मग चैत्रात माझ्या बहिणीचं लग्न अकोल्याला ठरलं, आणि एरवी शब्दाला शब्द न देणारी आत्या कडाडली, “भाचीच्या लग्नाले मी जानार, अन् आपल्या मोटरीतच जानार. ब्रेकचं काय ते तुमी पाहा!”

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो. आतोबा मला घेऊन अकोल्याच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं डबा उघडून पुढे सरकवला. आतोबांनी वरच्या पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हात तळाशी घालून खालची ओढली. तिचा वास घेतला, ती दातानं चावून पाहिली आणि दुकानदाराच्या चहाच्या शेगडीत थेट निखाऱ्यांवर टाकली. अस्सल पट्टी विस्तवात लाल होते, पण जळत नाही. ही लाल झाली आणि निवल्यावर होती तशी निघाली. दुकानदार हात जोडून म्हणाला, “भाऊसाहेब, तुमाले कोन फसवीन?” खरं तर इथंच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे असावा. जन्मात पहिल्यांदा आतोबा दुकानदाराकडे बघून हसले आणि डबा काखोटीला मारून निघाले.

लग्नाच्या दिवशी आत्या जरीचं लुगडं नेसून, नथ घालून पुढच्या बाकावर बसली. मागे आम्ही सगळी वऱ्हाडी मंडळी. उतार आला तसे आम्ही सवयीनं उठलो, तर आतोबा ऐटीत म्हणाले, “बसा समदे! कोनी उतरू नका.” चाक जरासं पुढे गेलं आणि लगेच ते डायवरवर ओरडले, “थांब बे! आधी रिकामी जाऊ दे.”

“अहो, तुमीच त पट्टी इस्तवात घालून पाह्यली ना?” आत्या कळवळली.

“पाह्यली. पन एकच पाह्यली.”

सगळे चरफडत उतरले. आत्यालाही धरून उतरवलं. डायवर रिकामी मोटर घेऊन निघाला. अर्ध्यावर धूर झाला, जळक्या गोणपाटाचा घाण वास सुटला आणि मोटर सुसाट जाऊन नदीच्या वाळूत पोटापर्यंत रुतली. डायवर धडधाकट बाहेर आला तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. मग उलगडा झाला. आपलं गिऱ्हाईक तळात हात घालतं हे दुकानदाराला पक्कं ठाऊक. त्यानं अस्सल पट्ट्या तळाशी ठेवल्या होत्या आणि कचरा वर! “गाडी उलटी भरली साल्यानं,” आतोबा पुटपुटले.

आत्या दगडावर टेकली. डोळे भरून आले होते. “जा तुमी समदे. सांगा पोरीले, आत्याचे पाय नाही पुरले.”

आतोबांनी ठोकळा खाली ठेवला, टोपी माझ्या हातात दिली आणि तिच्यापुढे पाठ करून उकिडवे बसले.

“बस.”

“अवं माय! लोकं पाह्यतात ना!”

“पाहू दे.”

“पाडसान मले.”

“नाही पाडत. जुना हाय मी, पन वरखाली एकच माल हाय.”

भर दिवसा, सगळ्या सोयऱ्यांदेखत, आतोबा बायकोला पाठुंगळी घेऊन एकेक पाऊल दाबत पूर्णेचा उतार उतरले. नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी होती. तिथल्या माळ्याची बैलगाडी अकोल्याला निघालीच होती. त्या टरबुजांवर बसून आत्या अक्षता पडायच्या आत मांडवात पोचली. हिसक्यांची तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही.

आता दोघंही नाहीत. पूर्णेवर पूल झाला, उतार राहिला नाही. तरी पुलाच्या तोंडाशी मोटर आली की मला उतरून पायी जावंसं वाटतं, आणि मी तसं बोलूनही दाखवतो. बरोबरची माणसं हसतात. हसू देत. आतोबांच्या पाठीवर बसून, पदर तोंडाला लावून आत्या कशी हसत होती, ते त्यांनी कुठे पाहिलंय!