सात जनावरं दाखवणारी बॅटरी

कोणी नवी बॅटरी आणून दाखवली की नाना ती लगेच पेटवत नसत. आधी बंदच हातात धरत, वजन घेत, काच धोतराच्या सोग्यानं पुसत आणि विचारत, "लांबची हाय का पसरची?" म्हणजे झोत दूर जाणारी, का उजेड आजूबाजूला पसरणारी. आणणारा मोठ्या हौसेनं "लांबची" म्हणाला, की ठरत आलेल्या सोयरिकीत मुलगा पितो असं कळल्यासारखा नानांचा चेहरा व्हायचा. पुस्तकात हिला विजेरी म्हणतात. आमच्या भोकरदनकडं ती बॅटरीच, आणि शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री येत असल्यामुळं ती घरात मीठ-मिरचीइतकी लागते.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. केदारखेड्याजवळच्या त्या घरात मी सून म्हणून गेले तेव्हा माझ्या आहेरात एक बॅटरी होती, टेंभुर्णीच्या माझ्या मामांनी दिलेली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी बाकीचा आहेर अजून बांधलेलाच होता, पण बॅटरीची परीक्षा होऊन गेली होती. नाना ओसरीवर आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाच जनावरं. वापरायला हरकत न्हाई. पण मामाला सांगा, पुढच्या खेपेला विचारून घ्या म्हणावं." मी शाळेत गणित शिकवते. 'पाच जनावरं' हे माप मी तोवर ऐकलं नव्हतं.

परीक्षा दिवेलागणीला व्हायची. गोठ्याच्या दारात एक सपाट दगड होता, त्यावर उभं राहायचं. समोर लांब दावण, आणि दावणीला सात जनावरं. मधे बैलजोडी, दोन गायी आणि कालवड, उजव्या टोकाला म्हैस, डाव्या टोकाला शेळी. बॅटरी पोटाशी धरायची, उजेड सरळ समोर, हात हलवायचा नाही, मान हलवायची नाही. जितकी जनावरं दिसतील तितके मार्क. म्हैस काळी, म्हणून ती दिसली तरच बॅटरी खरी. शेळीचे डोळे चमकतात, म्हणून नुसते डोळे दिसले तर धरायचं नाही, शिंगंही दिसली पाहिजेत. एकदा एक बैल विकला, तर दुसरा येईपर्यंत दोन महिने परीक्षा बंद होत्या. "सहा जनावरांवर घ्या की," असं माझा नवरा म्हणाला. नाना दावणीतल्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवून घरात गेले.

लांबवर झोत टाकणाऱ्या बॅटऱ्यांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "माणूस पडतो तो जवळच्या वस्तूवर. लांबच्या वस्तूवर पडल्यालं कोणी मी पाह्यलं न्हाई." वावरात जाणाऱ्या माणसाला आपल्याभोवती पाच पावलं उजेड पुरे, पण त्या पाच पावलांत दोन्ही बाजूंचा बांध, पाण्याचा पाट आणि गवतातलं बीळ सगळं आलं पाहिजे, असं ते समजावून सांगत. ऐकणारा कंटाळला की पुन्हा पहिल्यापासून सांगत.

शेजारचे आबा नेमके उलटे. त्यांच्याकडं चार सेलची हातभर बॅटरी होती आणि तिचा झोत नदीपलीकडच्या वावरापर्यंत जायचा. संध्याकाळी ओट्यावर बसून ते पलीकडं कोण उभं आहे, कोणाचं पाणी चालू आहे हे गावाला सांगत. नाना म्हणत, "आबा, पलीकडचं समदं दिसतं तुला. जरा खाली बघ, कोणाच्या चपला घातल्या." आबा खाली बघत, आणि चपला खरंच दुसऱ्याच्या असत. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती आणि भांडायला विषय एवढा एकच.

भोकरदनच्या बाजारात सलीमभाईंचं दुकान. आमच्या गावचं गिऱ्हाईक दिसलं की ते पैसे घेण्याआधीच सांगत, "ले जाव. नानाने नापास करे तो वापस ला." वापस आलेल्या बॅटऱ्यांसाठी त्यांनी दुकानात वेगळा खोका ठेवला होता. त्याचा त्यांना राग नव्हता. नानांनी पास केलेला माल ते बाकीच्या गावांत नानांचं नाव सांगून हातोहात खपवत, आणि नानांना त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा बॅटऱ्या भराभर नापास व्हायला लागल्या. चार जनावरं. पुन्हा चार. साडेतीन. "आता मालातच पसर राह्यली न्हाई," नाना सांगत आणि ऐकणारे माना डोलवत. पूर्वीसारखा माल राहिला नाही, हे ऐकायला कोणालाही आवडतं. सलीमभाईंचा खोका भरला, दुसरा आला. शेवटी एका संध्याकाळी नानांनी दोन बॅटऱ्या पाळीपाळीनं पेटवून बघितल्या, एक पसरची आणि एक लांबची. दोन्हींत तीनच जनावरं. त्यांनी दोन्ही विझवल्या आणि म्हणाले, "पसर दोघींची सारखीच हाय. मंग लांबची तरी घ्या." हिशेबात चूक काढायला जागा नव्हती.

महिन्याभरात दहा घरांत लांबच्या बॅटऱ्या आल्या. आबांनी पेढे वाटले. त्याच महिन्यात एक जण पाटात पडला, एकाचा पाय पाइपात अडकून मुरगळला आणि आबांची बायको स्वतःच्याच शेळीवर पडली. शेळीला काही झालं नाही. आबांच्या बायकोचा हात तीन आठवडे गळ्यात होता.

घरातही बारीकसारीक चालू होतं. नाना आत येताना डावा खांदा चौकटीला लागायचा. जेवायला बसले की "आज चटणी न्हाई का?" म्हणून विचारायचे. चटणी ताटात डाव्या अंगाला वाढलेलीच असायची. सासूबाई एका बोटानं ताट फिरवून ती त्यांच्यापुढं आणत आणि म्हणत, "ध्यान कुठं असतं तुमचं?" आम्हाला सगळ्यांना ते वय वाटलं. मीसुद्धा त्याच घरात राहत होते, रोज मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधत होते, आणि मलाही ते वयच वाटलं. याची लाज मला अजून वाटते.

एका संध्याकाळी लाईट गेली होती आणि मी गोठ्यात पेंड ठेवायला निघाले. हाताला लागली ती नानांनी नापास केलेली पसरची बॅटरी. दगडावर पाय ठेवून ती पेटवली, तर मला सातही जनावरं दिसली. शेळीची शिंगं दिसली. म्हशीची शेपटी दिसली. मी मान हलवली नव्हती. दोनदा मोजलं आणि नानांना हाक मारली. ते आले, मी त्यांना दगडावर जागा दिली आणि बॅटरी त्यांच्या पोटाशी धरली.

"किती, नाना?"

"तीन."

"आणि म्हैस?"

"म्हैस कुठं हाय? आज बाहेर बांधली का?"

म्हैस चार पावलांवर रवंथ करत होती. सुनेनं अशा वेळी काय बोलायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "नाना, मान जरा उजवीकडं करा." त्यांनी केली. त्यांना म्हैस दिसली. मान समोर आणली, म्हैस गेली. असं त्यांनी तीनदा केलं, बिलकुल घाई न करता, एखादी बॅटरी तपासावी तसं. मग डावीकडं शेळीचं केलं. मग माझ्या हातातली बॅटरी त्यांनीच बंद केली आणि अंधारात म्हणाले, "बॅटरी पास हाय, बाई."

जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मी आणि माझा नवरा त्यांना घेऊन गेलो. तिथं एक मशीन होतं. त्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आणि आजूबाजूला बारीक दिवा लागलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. तिथली मुलगी म्हणाली, "बाबा, मान हलवायची नाही हं." नाना म्हणाले, "ते मला नको सांगू. मान न हलवायचं मीच समद्या गावाला शिकवलं." मग परीक्षा सुरू झाली. मी मागं उभी राहून बटणाचा आवाज ऐकत होते. आवाज फार थोड्या वेळा आला. बाहेर आल्यावर नाना माझ्या कानाशी म्हणाले, "त्या पोरीनं दिवे लावलेच न्हाईत. गरीब हाय, तिला काही बोलू नको."

डॉक्टरांनी कागद दाखवला. सगळा काळा आणि मधोमध एक पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांचं तेच. काचबिंदू, ते म्हणाले. कडेची नजर हळूहळू जाते, माणसाला कळतसुद्धा नाही. गेली ती परत येत नाही, राहिली ती टिकवायला रोज थेंब घालायचे. नानांनी कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. "हा तर लांबच्या बॅटरीचा झोत हाय," ते म्हणाले. डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं आणि मी खिडकीकडं तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून अंगणात उभे. दहाही घरी जाऊन सांगायचं म्हणाले. सासूबाई आडव्या आल्या. "लोक हसतील. नानाचे डोळे गेले म्हणून गावभर होईल. आजवर तुमच्या शब्दाला मान हाय, तो घालवता कामून?" माझा नवरा म्हणाला, मी सगळ्यांना फोन करतो. नाना म्हणाले, "माझं ऐकून घेतल्या न्हवं त्यांनी? आबाच्या घरची पडली. उद्या कोणी हिरीत पडंल. फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही?"

मी त्यांच्यासोबत गेले. प्रत्येक दारात तीच वाक्यं, त्याच क्रमानं. "माझ्या सांगण्यावरून घेतली ती बॅटरी नापास हाय. पहिल्या बॅटऱ्यांत पसर होती, माझ्या डोळ्यांत न्हवती. ही सलीमला वापस करा." कोणी हसलं नाही. बायका चहा टाकायला उठत, नाना नको म्हणत. एक जण म्हणाला, "राहू द्या नाना, आमाला चांगली वाटती." नाना म्हणाले, "चांगली वाटती, मंग पाटात कोण पडल्तं?" चौथ्या घरानंतर त्यांचा आवाज बसला. तरी एकाही घरी त्यांनी मला बोलू दिलं नाही.

आबांच्या ओट्यावर आलो. आबा म्हणाले, "मी तुझ्या सांगण्यावरून घेतलीच न्हाई. माझी चाळीस वर्षांपासून लांबची हाय."

"मंग तू चाळीस वर्षांपासून नापास हाय," नाना म्हणाले.

आबा उठले, चपला घातल्या आणि उरलेल्या घरांना आमच्यासोबत आले. नानांच्या डाव्या अंगाला चालत होते आणि मोठ्यानं सांगत होते, "नाली हाय. दगड हाय. कुत्रं हाय, झोपल्यालं हाय." पुढं रोज संध्याकाळी ते नानांना असेच पारापर्यंत नेत आणि आणत. डाव्या अंगालाच चालत.

त्यानंतरही लोक बॅटऱ्या आणतच राहिले. नाना म्हणत, "आता बाई पाहील." मी दगडावर उभी राहायची आणि ते मागं उभे राहून विचारायचे, "म्हशीचे कान दिसून राह्यले का?" मी दिसतात म्हणाले की पास, नाही म्हणाले की नापास. उलट तपासणी कधी केली नाही. मला पुढं शाळेत आदर्श शिक्षिकेचं पत्रही मिळालं, पण नानांनी माझे डोळे आपले म्हणून धरले, त्याची सर त्या पत्राला नाही.

मग माझी बदली जालन्याला झाली. निघायच्या दिवशी टेम्पो भरून उभा होता. नाना ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी पाया पडले आणि त्यांच्यापुढं बसले. त्यांनी माझं कपाळ बघितलं, मग डोळे बघितले, मग हनुवटी बघितली, आणि म्हणाले, "जरा मागं सर, बाई. आख्खी मावत न्हाईस." मी दोन पावलं मागं सरले. "आणखी." मी ओसरीच्या कडेला गेले. "हां. आता बराबर. आता आख्खी दिसून राह्यली." टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. नाना बघत राहिले.

पुढं सणासुदीला गेले की मी आधी पाया पडायची आणि मग न सांगता मागं सरायची. थेंब चालूच होते, तरी दर खेपेला थोडं जास्त सरावं लागायचं. ओसरी पुरेना, तेव्हा अंगणात उतरले. शेवटच्या खेपेला मागं सरता सरता माझी पाठ फाटकाला टेकली. नाना खुर्चीतून बघत होते.

"अजून थोडं," ते म्हणाले.

मी फाटक उघडलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.