वहिनींची ओंजळ

नऊवारी नेसून, जपानी दिग्दर्शकासमोर आपण कुणावर सूड उगवू, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण संधी चालून आली आणि मी ती सोडली नाही.

सिनेमा युद्धातल्या प्रेमाचा होता. जपानी सैन्याने ताब्यात घेतलेलं ब्रह्मदेशातलं एक गाव, तिथली हिंदी वस्ती, आणि तिथल्या मुलीचं एका जपानी शिपायावर जडलेलं प्रेम. गावकरी म्हणून जपानात ओजिमा भागात राहणाऱ्या आम्हा भारतीय बायकांना बोलावलं होतं. मुलीच्या आईचं काम मिळालं आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना. मला एकच प्रसंग होता. गावाने वाळीत टाकलेली ती आई विहिरीवर येते, तिला कुणी पाणी देत नाही, शेवटी एका बाईला दया येते आणि ती तिच्या ओंजळीत घागर ओतते. ती दयाळू बाई मी. ऐकूनच मला हसू आलं.

काही वर्षांपूर्वी मोठ्या भूकंपानंतर फुटलेल्या अणुभट्टीच्या बातम्या चालू असताना, नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग आहे, तान्ह्या मुलांना ते देऊ नका, असं सांगण्यात आलं. माझी मुलगी बाटलीच्या दुधावर होती. नवरा बाटलीच्या पाण्यासाठी सायकलवरून पार पलीकडच्या एदोगावा वॉर्डापर्यंत हिंडला आणि हात हलवत परत आला. वहिनींच्या दारात मात्र पाण्याची खोकी छताला टेकली होती. मी एक बाटली मागितली. "आमचं आम्हालाच पुरायचं नाही गं," म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सहकुटुंब पुण्याला निघून गेल्या. खोकी कुलपाआड राहिली. वॉर्डाकडून बाटल्या मिळेपर्यंत मी नळाच्याच पाण्यात दूध कालवलं आणि मुलीच्या घोटाघोटाला वहिनींचा उद्धार केला. मुलीला काही झालं नाही. ते तिचं नशीब, वहिनींची कृपा नव्हे.

पुढे परत आल्यावर त्यांनी ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं. मुदत संपत आली होती म्हणे. वरून ठिबकून ते माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं.

शूटिंग शहराबाहेर, चिबातल्या उघड्या माळावर होतं. गोष्टीत कडक उन्हाळा आणि माळावर फेब्रुवारी. वहिनी फाटक्या लुगड्यात, गुडघे चिखलात, ओंजळ पुढे. मी घागर कलती करायची, इतकंच. पहिल्यांदा मी उशीर केला. मग पदर अडकवून घेतला. मग मुद्दाम कॅमेऱ्याकडे पाहिलं. दर वेळी मी "सुमिमासेन" म्हणत कमरेत वाकून माफी मागत होते आणि वहिनींना पुन्हा चिखलात बसवत होते. त्यांचे ओठ निळे पडले. मला अगदी मनापासून बरं वाटत होतं.

मधे चहाला थांबलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. "घाबरलीस का गं? मी आहे ना समोर."

त्या मायेनेच माझं डोकं फिरलं. "वहिनी, त्या वेळी मुलीसाठी मी तुमच्याकडे एक बाटली पाणी मागितलं होतं."

"पाणी? अगं, कसलं पाणी?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी जे मनात धगधगत ठेवलं होतं, ते त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. नुसतं नाही म्हटल्याचं दुःख एक वेळ मी गिळलं असतं, हे मला गिळता येईना.

पुढच्या शॉटला मी चुकले नाही. घागर घेऊन नुसती उभी राहिले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. वहिनी ओंजळ धरून बसल्या, मग गोंधळून त्यांनी मान वर केली. दिग्दर्शकाने थांबवलं नाही. नंतर दुभाष्यामार्फत त्याने सांगितलं की हेच हवं होतं, दया वगैरे काढून टाकू.

सिनेमा लागला. पडद्यावर वहिनींची ओंजळ शेवटपर्यंत रिकामी राहते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अगं, पुण्याहून सगळे विचारतायत. मी एवढी हात पसरून बसलेय, तू मला पाणी का नाही गं दिलंस?"

"पाणी?" मी म्हटलं. "कसलं पाणी, वहिनी?"