डोंगरावरचं जुन्नर

आमची कंपनी काश्मीरमधल्या एका लहानशा डोंगरी गावात होती. एक बाजार, एक मशीद आणि वर बर्फाचे कडे. मी जुन्नरजवळच्या राजुरीचा, लान्स नायक इम्रान आतार खुद्द जुन्नरचा. दोघेही रेडिओ ऑपरेटर. तिथले डोंगर लक्षात राहावेत म्हणून आम्ही त्यांना घरची नावं दिली होती. वरची सपाटी आळे, मधली खिंड घोडेगाव, खालचा नाला कुकडी. बाकीचे हसायचे.

मला इम्रानचा हेवा वाटायचा. आम्ही एकाच भरतीतले, पण गस्तीचं पेट्रोल निघालं की सुभेदार साहेबांच्या तोंडी त्याचंच नाव. तो चढायचा, मी बंकरमध्ये सेट सांभाळायचो. घरी फोन केला तर माझी आईसुद्धा आधी विचारायची, "इम्रान बरा हाय ना?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या दिवशीही तेच झालं.

"आतार पेट्रोलबरोबर. तू सेटवर."

"साहेब, आज मी जातो."

"ऑर्डर ऐकली ना?"

"हो, साहेब."

इम्रान बूट आवळत म्हणाला, "तोंड का पाडलं, राव? चहा ठेव, आलोच." मी सेटकडे वळलो.

दुपारी कडा सुटला आणि बर्फ पेट्रोलवर आलं. धुक्यात वर काही दिसत नव्हतं. सेट खरखरला, इम्रानचा आवाज आला.

"घोडेगावच्या खाली, कुकडीच्या डाव्या अंगाला. चौघं अडकल्यात. मी वर कपारीत हाय, पाय हालत न्हाई. आधी त्यांला काढा. ओव्हर."

सुभेदार साहेब नकाशावर वाकले. त्यांना काही उमगेना. मी बोट ठेवलं. रेस्क्यू पार्टी थेट तिथे पोचली आणि चौघे जिवंत निघाले.

"भाऊ, तू सेटवर हायेस ते लई बरं झालं. ओव्हर."

मी "रॉजर", म्हणजे ऐकलं, एवढंच म्हणालो. पार्टी कपारीकडे वळली तेवढ्यात पुन्हा बर्फ कोसळलं, त्या कपारीवरच.

आता मी निवृत्त आहे. जुन्नरच्या चौकात फोटो त्याचा लागतो, ते चौघे फोनवर नाव त्याचं काढतात. हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? यंदा ईदला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने शिरखुर्म्याची वाटी पुढे केली आणि समोर बसली.

"लई हेवा वाटतो, बाबा, तुझा."

"माझा, चाची?"

"त्याचं शेवटचं बोलनं तुझ्या कानावर पडलं. मी आई असून मला न्हाई मिळालं. परत सांग, काय म्हनला व्हता?"

मी वाटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, अगदी 'ओव्हर'सकट.