खिंडीतलं गप्प यंत्र

सायकाल-एजेला, म्हणजे आमच्या सायकालताईला, स्वस्थ बसणं माहीतच नाही. डोंगरातल्या नारीन गावच्या आमच्या टेलिफोन ऑफिसात सोळा वर्षं तिची खुर्ची कुरकुरतेय. त्या सकाळी तर ती बसलीच नाही. देखरेखीचा नवा प्रोग्राम सुरू केला आणि खिंडीतल्या निर्मनुष्य मनोऱ्यावरचं, बॅटऱ्या सांभाळणारं यंत्र उत्तरच देईना.

"मेलंय ते," केरिमबाय साहेब म्हणाले. "बाकास, नवं यंत्र जीपमध्ये टाक आणि नीघ."

बाकास म्हणजे एजेचाच नवरा. खिंडीत कालपासून बर्फाचे कडे कोसळत होते. साहेबांचं काय जातंय बोलायला!

"साहेब, अर्धा तास थांबा," एजे म्हणाली.

"सकाळपासून हाका मारतेयस. एक शब्द तरी आला का?"

"तेच तर! भलतंच काही मागितलं की यंत्र चूक दाखवतं. तोंडात मिठाची गुळणी धरतं ते एकतर मेल्यावर, नाहीतर आपला पासवर्ड चुकल्यावर. दुसरं तपासू तरी द्या!"

खाली जीप सुरू झाली. एजेने आपल्याकडून जाणारा निरोपच उघडला. पासवर्डच्या जागी होतं: 'थोरले बाबा'. मी कपाळाला हात लावला. तो मनोरा पूर्वी तिच्या सासऱ्यांनी तीस वर्षं राखला, म्हणून जुन्या इंजिनिअरांनी त्यांचंच नाव पासवर्डला दिलेलं. आणि आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नव्या प्रोग्रामात पासवर्डांची यादी भरली होती हिनेच. सवयीने बोटंसुद्धा बिचकली आणि घरात हाक मारते तेच लिहून बसली!

"एजे, मी टाइप करते," मी म्हटलं.

"नको. चूक माझी आहे."

ओठ घट्ट मिटून तिने एकेक अक्षर दाबलं. क्षणात उत्तर आलं.

"बघ, पुन्हा चूकच!" साहेब ओरडले.

"अहो, 'दुसऱ्या ओळीत मागितलेलं माझ्याकडे नाही' असं यंत्र म्हणतंय! बोलतंय ते, जिवंत आहे!" आणि ती जिन्याकडे धावली. मीही मागोमाग.

जीप फाटकापाशी पोचली होती. एजे तिला आडवी आली, दोन्ही हात बॉनेटवर टेकून.

"अगं, वेड लागलं का?" बाकासने डोकं बाहेर काढलं.

"जाऊ नका. यंत्राला काही झालेलं नाही, मीच चुकले." ती हुंदके द्यायला लागली. "एक नाव लिहायला लाजले आणि तुम्हाला मरणाच्या दारात धाडत होते."

बाकासने इंजिन बंद केलं. तरी ती बॉनेटवरचे हात काढेना. शेवटी त्याने खाली उतरून किल्ली तिच्या मुठीत दिली, तेव्हा कुठे ती बाजूला झाली.